खिडकी आणि उंबरठा

ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरच्या इतवारी भागातील गंगा-जमुना ही वेश्यावस्ती पोलिसांनी बंद केली. देवळे, शाळा यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत हा व्यवसाय चालू नये, या कायद्यातील तरतुदीचा आधार त्यासाठी घेण्यात आला. गल्ल्यांच्या तोंडाशी अडथळे उभे राहिले, गिऱ्हाइकांना मज्जाव झाला आणि तेथील स्त्रिया निषेधासाठी रस्त्यावर उतरल्या. विदर्भातील वृत्तपत्रांतून त्या दिवसांत बरीच खडाजंगी झाली. एका पक्षाला शहर स्वच्छ झाल्याचे समाधान होते, दुसऱ्याला या बायकांच्या पोटापाण्याची चिंता होती. वस्ती मोडली म्हणजे नेमके काय मोडले, हा प्रश्न मात्र या गदारोळात मागेच राहिला.

आमच्या मते दोन गोष्टी मोडल्या. पहिली पाटी. गंगा-जमुना हे नाव हीच त्या गल्लीची जाहिरात होती. तेथल्या कोणत्याही बाईला मी कोण, मी काय करते हे कुणाला सांगावे लागत नव्हते. ते गल्लीच सांगत होती. दुसरा मोडला तो पहारा. अशा गल्लीत दारात बसलेल्या चार बायकांची नजर येणाऱ्यावर असते. हा प्यालेला आहे काय, मागच्या खेपेला याने कुणावर हात टाकला होता, पैसे बुडवून पळाला तो हाच काय, ही माहिती चार उंबरठ्यांत मिळून साठलेली असते. आपण आहोत हे लोकांना ठाऊक करून देणे आणि येणाऱ्या माणसाची पारख करणे, ही दोन कामे या व्यवसायात कोणत्याही काळी चुकलेली नाहीत. गल्ली गेली की ती एकटीच्या अंगावर येतात. या दोन कामांचा इतिहास पाहावा, एवढाच आमचा हेतू आहे. अल्पवयीन मुली आणि फसवून वा बळाने आणलेल्या स्त्रिया यांचा प्रश्न आम्ही यात धरलेला नाही. तो गुलामगिरीचा प्रश्न आहे आणि तेथे पारख हा शब्द उच्चारणेही क्रूर थट्टा होईल.

इतिहास म्हटला की आपल्याकडे सुरुवात वात्स्यायनापासून होते. येथे ती रूढी म्हणून नव्हे, तर खरोखरच उपयोगाची म्हणून करावी लागते. कामसूत्राचे नाव ज्या कारणासाठी जगभर घेतले जाते त्याच्याशी आम्हांला कर्तव्य नाही. त्याचे सहावे अधिकरण वैशिक, म्हणजे गणिकांच्या व्यवसायाविषयीचे आहे. दत्तक नावाच्या आचार्याने पाटलिपुत्राच्या गणिकांच्या सांगण्यावरून हा विषय स्वतंत्रपणे मांडला होता, असे वात्स्यायनच सांगतो. म्हणजे बायकांनी आपल्या धंद्याचे शास्त्र मागवून घेतले, अशी ही परंपरा आहे. त्यातला पहिलाच अध्याय आमच्या विषयाचा आहे. गणिकेने नटूनथटून राजमार्गाकडे पाहत बसावे. दिसावे, पण फार उघडे पडू नये. कारण तिची गत विकाऊ मालासारखी आहे, असे तो कोरडेपणाने सांगतो. पुढे मदतनिसांची यादी येते. तीत नगररक्षक आणि न्यायाधिकारी आहेत, ज्योतिषी आहे, माळी, अत्तरवाला, दारू विकणारा, धोबी, न्हावी आणि भिक्षेकरीही आहे. ही यादी जरा थांबून वाचावी. गावातल्या कोणत्याही पुरुषाची खरी हकीकत ज्यांना ठाऊक असते ते हेच लोक. धोब्याला त्याचे कपडे ठाऊक, न्हाव्याला त्याची बडबड ठाऊक, दारूवाल्याला त्याची उधारी ठाऊक.

त्यानंतर टाळावयाच्या पुरुषांची यादी. क्षयी, रोगी, तोंडाला दुर्गंधी येणारा, कठोर बोलणारा, कृपण, निर्दय, वडीलधाऱ्यांनी टाकलेला, चोर, दांभिक, जारणमारण करणारा, मानापमानाची चाड नसलेला, पैशासाठी शत्रूलाही विकला जाईल असा, निर्लज्ज. बायकोवर मनापासून प्रेम करणाराही या यादीत आहे. त्याच्याकडून काही मिळत नाही, हे कारण उघड आहे. वात्स्यायन धंद्याचा हिशेब कधी विसरत नाही. पण बाकीची यादी पाहिली तर जिवाची आणि शरीराची काळजी तीत पैशाच्या काळजीइतकीच आहे. बोलावणे आले तरी लगेच होकार देऊ नये, आधी अंग रगडणारे, गाणारे, विदूषक असे लोक पाठवून त्याचे मन जाणून घ्यावे, असाही सल्ला आहे. सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात प्रसिद्धी आणि पारख या दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात शेजारी शेजारी बसल्या आहेत. त्यांची फारकत पुढे झाली.

पारख केली, नकार दिला, तर काय होते? याचे उत्तर मराठी प्रेक्षकाला ठाऊक आहे, कारण गोविंद बल्लाळ देवलांनी शूद्रकाचे मृच्छकटिक मराठी रंगभूमीवर आणले. वसंतसेना आणि चारुदत्त यांची प्रेमकथा म्हणून ते आपण पाहतो. वास्तविक त्याचा कणा म्हणजे नाकारलेला एक गिऱ्हाईक आहे. राजाचा मेहुणा शकार दहा हजारांचे दागिने आणि गाडी पाठवतो. आई निरोप देते. आणि मी जिवंत राहावी असे वाटत असेल तर पुन्हा असा निरोप पाठवू नकोस, असे वसंतसेना कळवते. ती धनाढ्य आहे, स्वतंत्र आहे, तिची पारखही अचूक आहे. तरीही शकाराच्या हाती ती सापडतेच. कशी? गर्दीमुळे चारुदत्ताच्या दाराशी खोळंबलेल्या भलत्याच गाडीत ती बसते. गाडी शकाराची निघते आणि उद्यानात तो तिचा गळा दाबतो. ती वाचते हा कवीचा उदारपणा. गाडी कुणाची हे पाहायला त्या क्षणी कुणी सोबत नव्हते, एवढीच चूक झाली होती. ही कथा जुनी झाली आहे, असे आम्हांला तरी वाटत नाही.

वसंतसेनेला नकार देता आला, पण तो राज्यसंस्थेला मान्य होता असे समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गणिकाध्यक्ष हा अधिकारी आहे. प्रत्येकीचे शुल्क, मिळकत, खर्च त्याने नोंदवून ठेवायचे. राजाज्ञा असूनही एखाद्या पुरुषाकडे न जाणाऱ्या गणिकेला हजार फटके किंवा पाच हजार पण दंड सांगितला आहे. शुल्क घेऊन मग नकार देणारीलाही दंड आहे. मात्र तेथे एक फट ठेवली आहे. रोग असेल किंवा त्या पुरुषातच दोष असेल, तर तो नकार दंडास पात्र नाही. कौटिल्यासारख्या करवसुलीत मुरलेल्या माणसानेही हा अपवाद मान्य केला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पारखीचे काम पुढे कुणाकडे गेले, हे भाषेतच दिसते. काश्मीरच्या दामोदरगुप्ताने आठव्या शतकात कुट्टनीमत लिहिले. अनुभवी म्हातारी कुट्टनी तरुण वेश्येला माणसे ओळखायला शिकवते, असा त्याचा घाट. या कुट्टनीचीच मराठीत कुंटीण झाली आणि तिच्या घराला आपण कुंटणखाना म्हणू लागलो. शब्दाला आलेली घाण खोटी नाही; कुंटणीने मुली विकल्या, कर्जात अडकवल्या, हे खरेच आहे. पण उंबरठ्यावर बसून आत कोण जाईल हे ठरवणारीही तीच होती. एकाच बाईत रखवालदार आणि तुरुंगाधिकारी असे दोघे नांदत होते. या व्यवसायाच्या इतिहासाची खरी अडचण ही आहे, आणि पुढच्या सुधारकांनी व कायदेपंडितांनी ती सोडवण्यापेक्षा टाळली.

आता महाराष्ट्रातल्या एका जिवंत संस्थेकडे येऊ. आमच्या झाडीपट्टीत दंडार, खडी गंमत आणि हिवाळ्यातली नाटके आहेत. संगीत बारी ही त्या मानाने पश्चिम महाराष्ट्राची. पुण्याचे आर्यभूषण, चौफुला, मोडनिंब, सणसवाडी येथील थिएटरे त्यासाठी प्रसिद्ध. येथे एक खुलासा आवश्यक आहे. बारीतल्या कलावंतिणींना सरसकट वेश्या म्हणणे हा अज्ञानाचा आणि उर्मटपणाचा भाग आहे. बैठकीच्या लावणीतली अदा ही आयुष्य वेचून मिळवावी लागणारी विद्या आहे आणि यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावतीला तिच्यासाठी पद्मश्री मिळाली. आम्हांला येथे पाहायची आहे ती केवळ जागेची रचना. थिएटरात अनेक पार्ट्या एका छपराखाली राहतात. पाळीपाळीने साऱ्याजणी मंचावर येऊन लोकांसमोर नाचतात, गातात. हे झाले दिसणे. त्यातून कुणाला एखाद्या पार्टीचे गाणे आवडले तर तो बैठक ठरवतो. बैठकीत पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला, बरोबरच्या मुली, कोपऱ्यात एखादी वडीलधारी असे सगळे असतात. तासन्‌तास चालणाऱ्या त्या गाण्यात पुरुष कसा बसतो, कसा बोलतो, दौलतजादा कोणत्या तऱ्हेने करतो, पेटीवाल्याशी कसा वागतो हे सारे दिसत राहते. पुढे काही नाते जुळायचे असेल, एखाद्याला मालक मानायचे असेल, तर ते या दीर्घ निरीक्षणानंतर. बहुतेक वेळा गाण्यावरच गोष्ट संपते. बैठक ही करमणूक असेल, पण बाईच्या बाजूने पाहिले तर ती परीक्षा आहे, आणि परीक्षार्थी पैसे मोजून बसलेला असतो!

या रचनेतही शोषण होते, मुलींना पर्याय नव्हते, मिळकत घरातल्या पुरुषांनी खाल्ली. ते नाकारून बारीचे गुणगान करण्याची आमची इच्छा नाही. परंतु आधी उजेडात पाहणे आणि मग ठरवणे, ही सोय तिच्यात होती. मुंबईच्या डान्सबारमध्येही ती काही अंशी होती. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २००५ मध्ये त्यांवर बंदी घातली. उच्च न्यायालयाने २००६ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती घटनाबाह्य ठरवली. मधल्या आठ वर्षांत त्या मुलींपैकी ज्या देहविक्रयाकडे वळल्या असतील, त्यांना तो उजेड आणि दारावरचा पहारेकरी मिळाला नसणार, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही.

इंग्रजी अमदानीत पारखीची दिशाच उलटी झाली. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी सुरू केली. मुंबईत तो १८७० साली लागू झाला आणि मधल्या खंडासह १८८८ पर्यंत टिकला. गोऱ्या शिपायांना रोग होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. तपासणी बाईची, शिपायाची नाही. वात्स्यायनाच्या यादीत रोगी पुरुषाला बाईने टाळायचे होते. येथे रोगी बाईला सरकारने पुरुषापासून दूर ठेवायचे होते. त्यानंतरच्या आमच्या साऱ्या कायद्यांना या उलट्या नजरेची सवय लागली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९१७ साली मुंबईच्या डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात आकूताई नावाच्या स्त्रीचा अनन्वित छळ होऊन तिचा अंत झाला. पळून जाण्याचा प्रयत्न हा तिचा अपराध होता. त्या खटल्याने मुंबई हादरली. आकूताईला पारख करण्याचा अधिकार सोडाच, बाहेर पडण्याचाही नव्हता. कुंटणखान्यांविरुद्ध कायदा हवा ही मागणी अशा प्रकरणांतून उठली होती, आणि ती रास्त होती. १९२३ साली मुंबई प्रांताचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आला, आणि स्वातंत्र्यानंतर १९५६ साली केंद्राचा. तो १ मे १९५८ पासून अमलात आला आणि १९८६ च्या दुरुस्तीनंतर अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा या नावाने आजही चालू आहे.

या कायद्याने प्रौढ स्त्रीने स्वेच्छेने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा ठरवलेला नाही, हे पुष्कळ सुशिक्षितांनाही माहीत नसते. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन स्त्रियांना सुधारगृहातून मुक्त करताना हे स्पष्टपणे नोंदवले. मग गुन्हा काय आहे? कलम ८ पाहा. शब्दांनी, हावभावांनी किंवा अंगप्रदर्शनाने गिऱ्हाइकाचे लक्ष वेधणे, मग ते खिडकीत बसून असो की सज्जात उभे राहून, हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद. खिडकी आणि सज्जा हे शब्द कायद्याच्या मजकुरातच आहेत. वात्स्यायनाने राजमार्गाकडे तोंड करून जिला बसवले, तिला संसदेने तेथूनच उठवले. तोच गुन्हा पुरुषाने केला तर शिक्षा सात दिवस ते तीन महिने. एवढा फरक कशासाठी, ते कायदा सांगत नाही.

ही झाली खिडकी. उंबरठ्याची कथा याहून गंभीर आहे. दोन वा अधिक वेश्यांच्या परस्पर लाभासाठी वापरली जाणारी जागाही कायद्याच्या व्याख्येत कुंटणखाना ठरते. म्हणजे दोन मैत्रिणींनी एक खोली घेतली आणि एकीने आत असताना दुसरीने दाराबाहेर थांबायचे ठरवले, तर ती सावधगिरी हाच गुन्ह्याचा पुरावा. दुसऱ्याच्या या कमाईवर जाणूनबुजून जगणाऱ्या अठरा वर्षांवरील कुणालाही कलम ४ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यात दलाल येतो तशी म्हातारी आईही येते आणि पगारी रखवालदारही. एकटीने, न सांगता, न दाखवता, कुणालाही सोबत न घेता केलेला व्यवसाय तेवढा निर्दोष. वसंतसेनेला चुकीच्या गाडीत बसवण्याची अशी पक्की व्यवस्था शूद्रकालाही सुचली नसती.

न्यूझीलंडने २००३ साली वेगळी वाट धरली. तेथे आपापली कमाई आपल्याच ताब्यात ठेवणाऱ्या चार स्त्रियांपर्यंत एकत्र काम करता येते. त्यासाठी चालकाचा परवाना लागत नाही. आमच्याकडे दोन, तेथे चार. आकडा लहान आहे, पण दाराबाहेर कुणी असणे आणि नसणे यांतले अंतर त्यात मावते.

हाताहातात मोबाइल आल्यापासून खिडकी पुन्हा उघडली. इंग्रजीतून आलेला एस्कॉर्ट हा शब्द आता नागपूर-रायपूरकडेही रुळला आहे. गोंदियासारख्या गावाचा विचार केला तर हे सहज उमगते. १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. भाताच्या गिरण्या, तेंदूपत्ता, बिडीचा व्यापार आणि हावडा-मुंबई मार्गावरचे मोठे जंक्शन, जेथून जबलपूरकडे आणि बल्लारशाहकडे फाटे फुटतात. येणारे-जाणारे परके पुष्कळ, पण राहणारे सारे एकमेकांना ओळखणारे. अशा गावी बाईला खिडकीत बसून चालत नाही. तेथे ओळखले जाणे हाच सर्वांत मोठा धोका असतो. चेहरा झाकून दिसायचे, हे जुन्या काळी अशक्य असलेले काम फोनने शक्य केले. छायाचित्रात चेहरा नाही, नाव खरे नाही, गाव शेजारचे.

पण फोनमध्ये दिसणे सोपे झाले तशी पारख अवघड झाली. समोरचा माणूसही चेहरा झाकूनच येतो. धोबी, न्हावी, अत्तरवाला मध्ये नाहीत. मग स्वतंत्रपणे काम करणाऱ्या स्त्रियांनी जगभर नवे मदतनीस घडवले. आधी फोनवर बोलून आवाज आणि भाषा जोखायची. थोडी रक्कम आगाऊ मागायची. पूर्वी भेटलेल्या एखादीचा हवाला विचारायचा. कुठे आणि किती वेळ, हे मैत्रिणीला कळवून ठेवायचे. घाई करणाऱ्याला, दारू पिऊन फोन करणाऱ्याला, नियम ऐकताच घासाघीस करणाऱ्याला नाही म्हणायचे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात १९८० च्या दशकात तेथील वेश्यांच्या संघटनेने धोकादायक गिऱ्हाइकांची वर्णने एकमेकींना कळवण्याची पद्धत सुरू केली, ती पुढे इंग्लंडात पोचली. वात्स्यायनाची टाळावयाच्या पुरुषांची यादीच ही. फक्त आता ती बायकांनी स्वतः लिहिली.

अमेरिकेने एप्रिल २०१८ मध्ये बॅकपेज ही जाहिरातींची जागा जप्त केली आणि त्याच महिन्यात अशा जाहिरातींना जागा देणाऱ्यांना जबाबदार धरणारा कायदा केला. हेतू मानवी व्यापार रोखण्याचा. जाहिरातींबरोबर गिऱ्हाइकांविषयीच्या सावधगिरीच्या सूचनाही गेल्या. त्या कायद्यातील नवे फौजदारी कलम तीन वर्षांत एकदाच वापरले गेल्याचे तेथील शासकीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२१ साली नोंदवले. नागपूरच्या गल्लीला अडथळे लागले तेही याच वर्षी.

सांगलीच्या बायकांनी मात्र फोनची वाट पाहिली नव्हती. तेथील गोकुळनगर आणि आसपासच्या वस्त्यांत संग्राम या संस्थेने १९९२ पासून एड्सप्रतिबंधाचे काम सुरू केले आणि त्यातून वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. कंडोमशिवाय येणाऱ्याला एकटीने परत पाठवले तर तो शेजारच्या दारात जातो आणि पहिलीचा चुलाच विझतो; सगळ्या दारांनी परत पाठवले तर त्याला शहाणपण येते. आम्हांला हा मुद्दा आरोग्याच्या पलीकडचा वाटतो. नकार हा एकटीचा गुण म्हणून टिकत नाही. तो टिकतो शेजारणींच्या जोरावर.

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव करमास्कर प्रकरणात काही निर्देश दिले. स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रीला छाप्यात अटक करू नये, तिची ओळख माध्यमांनी उघड करू नये, तिने अत्याचाराची तक्रार केली तर इतर कोणत्याही पीडितेप्रमाणे तिला मदत मिळावी, आणि तिच्याजवळचे कंडोम गुन्ह्याचा पुरावा मानू नयेत. हे प्रकरण मुळात एका खुनाचे होते. १९९९ साली कोलकात्याच्या वेश्यावस्तीत एका पुरुषाने एका स्त्रीचा जीव घेतला. त्याचे अपील २०११ साली फेटाळताना न्यायालयाने या स्त्रियांच्या पुनर्वसनाचा प्रश्न हाती घेतला आणि अकरा वर्षांनी हे निर्देश आले. कलम ८ मधली खिडकी आणि सज्जा अजून जागच्या जागी आहेत, आणि दोन मैत्रिणींची खोली व्याख्येने अजून कुंटणखानाच आहे.